स्टीअरिंग थरथरतं म्हणून लगेच बॉक्स बदलू नका

डिचोलीच्या एका पिकअपवाल्या भावाचा प्रश्न आहे. गाडी २००९ ची, चाललीय २ लाख ४० हजार किलोमीटर. आठवड्यातून दोन-तीनदा चोर्ला घाटातून बेळगावची भाजी आणतात, बाकी दिवस नारळ, खत, मिळेल तो माल. ६५ ला स्टीअरिंग थरथरायला लागतं, ७५ ला हातात धरवत नाही, ८५ च्या पुढे गेलं की कमी होतं. केरीच्या बाजूनं घाट उतरताना ब्रेक दाबला की पुन्हा हलतं, आणि तेव्हा वेग जेमतेम ४० असतो. दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) झाली, एकदा बॅलन्सिंग (वजनं लावून चाक समतोल करणं) झालं, दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्यांच्या टोकांचे जोड, नवे टाकले. फरक काहीच नाही. आता मेस्त्री म्हणतो, स्टीअरिंग बॉक्स (स्टीअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी) बदलू या. बदलावा का, हा प्रश्न.

माझं गॅरेज फोंड्याच्या बाजूला आहे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तोवर तिस्क-उसगावकडे टिपरवर काम केलं, त्यानंतर मुख्यतः पिकअप आणि जीपवर. तुम्हाला माझं उत्तर आहे की बॉक्स आत्ता बदलू नका. का, ते सविस्तर सांगतो. आधीचा खर्च का फुकट गेला हे कळलं नाही, तर पुढचाही त्याच वाटेनं जाणार.

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत, आणि सगळ्यांनी त्या एकच धरल्यात. एक थरथर ठरावीक वेगाला येते, ब्रेकला पाय न लावता. दुसरी ब्रेक दाबल्यावर येते, वेग कमी असला तरी. या दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा वेगवेगळं असतं. एकाचा इलाज करून दुसरी गेली का ते बघत बसलं, तर ‘फरक नाही’ असंच वाटत राहतं. कदाचित तुमचं बॅलन्सिंग चांगलं झालंही असेल, पण परत येताना घाटात ब्रेकला स्टीअरिंग हललं आणि तुम्ही म्हणालात की काम फसलं.

मी कुठल्याही थरथरीकडे बघताना आधी एकच गोष्ट विचारतो: ही जन्माला कोण घालतंय आणि वाढवतंय कोण? थरथर जन्माला घालायला काहीतरी फिरत असावं लागतं. टायर, रिम, हब (ज्यावर रिम बसते), ब्रेकची डिस्क, मागचा ड्रम, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंतचा लांब दांडा), इंजिन, ही फिरणारी माणसं. टाय रॉड, बॉल जॉइंट, स्टीअरिंग बॉक्स, शॉकअॅब्सॉर्बर यांतलं काही गरगर फिरत नाही. ते झिजले, त्यांच्यात प्ले (मोकळी हालचाल) आला, तर चाकातून आलेला बारीक हादरा ते तुमच्या हातापर्यंत मोठा करून पोचवतात. म्हणून ढिला जॉइंट बदलल्यावर थरथर थोडी कमी होते, गाडीवाला चार दिवस खूश असतो, आणि महिन्याभरानं परत येतो. चाकातला हादरा तसाच असतो, नव्या जॉइंटलाही तोच खातो. याला एक अपवाद आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

आता तुम्ही म्हणता ते ६५-७५-८५ चं गणित. पिकअपचा टायर साधारण ७० सेंटीमीटर उंच धरला तर त्याचा घेर होतो सव्वादोन मीटरच्या आसपास. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ १० फेरे मारतं. पुढच्या चाकाचं, हबचं आणि स्प्रिंगचं मिळून जे झुलणं असतं तेही साधारण याच चालीचं असतं. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की झोका चढत जातो, तसं ७०-७५ ला चाकाचा धक्का आणि त्या झुलण्याची चाल जुळते. पुढे वेग वाढला की ती जुळणी मोडते आणि थरथर कमी भासते. धक्का मात्र वेगाबरोबर वाढतच असतो, फक्त हाताला कळत नाही. त्यामुळे ‘९० ला चालवली की काही होत नाही’ असं समजून कोणी त्या वेगानं जात असेल तर जाऊ नका. बेअरिंग आणि टायर ते सगळं सोसत असतात.

धक्का केवढा असतो याचाही अंदाज असू द्या. रिमच्या कडेला ५० ग्रॅमचा फरक असेल तर ८० च्या वेगाला तो चाकाला सुमारे चार किलोच्या जोरानं ओढतो, सेकंदाला दहा वेळा. आपल्याकडची तांबडी माती पावसात रिमच्या आतल्या बाजूला जाऊन बसते आणि वाळली की चिऱ्यासारखी घट्ट होते. ती पाव किलो सहज असते. दोन पावसाळ्यांमागे साखळी गावाकडून एक पिकअप आली होती, अशीच ७० ला थरथरणारी. नुकतंच बॅलन्सिंग केलेलं, पावतीसकट. चाक काढून उलटं केलं तर आतल्या घडीत मूठभर मातीचा पट्टा, अर्ध्या फेऱ्यापर्यंत. मुलानं स्क्रू ड्रायव्हरनं टोचलं तर ढेकळं पडली, आणि त्या मातीवरच चिकटवलेलं शिसाचं वजनही त्यांच्याबरोबर खाली आलं. माती न धुता चाक मशीनवर चढवलेलं. मशीननं मातीसकट बरोबर मोजलं, दोन दिवसांनी थोडी माती पडली, आणि चाक पुन्हा बिघडलं. म्हणून बॅलन्सिंगला जायच्या आधी चारही चाकं काढून आतून-बाहेरून पाण्यानं धुवा, तारेच्या ब्रशनं घासा. यात पैसे काहीच जात नाहीत, आणि निम्म्या तक्रारी मी इथंच संपलेल्या बघितल्यात.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत, त्या तुमच्या गाडीवर अवलंबून आहेत. पुढं टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आहे की सरळ अॅक्सल आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यानं बरंच काही बदलतं. पुढचे टायर मूळ आहेत की रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले), रेडियल आहेत की नायलॉन, तेही हवं. नायलॉन टायर रात्रभर भरलेल्या गाडीखाली एका जागी दाबून राहिला की सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी धपधप करते आणि टायर गरम झाला की थांबते. तो आजार नव्हे. थरथर रिकाम्या गाडीला जास्त की भरलेल्या, हे तर नक्कीच सांगा.

हात लावायच्या आधी गाडी चालवून बघायची आणि जे दिसेल ते कागदावर लिहायचं. मी गिऱ्हाइकाला शेजारी बसवून स्वतः चालवतो, कारण त्याला सवय झालेली असते. पहाटे रस्ता मोकळा असताना जा. तुम्हाला धारगळ ते पत्रादेवीचा रुंद महामार्ग बरा पडेल, घाटात हे प्रयोग अजिबात करू नका. वेग हळूहळू वाढवा आणि कुठल्या आकड्याला सुरू, कुठल्या आकड्याला सर्वांत जास्त, कुठे कमी, ते शेजारच्याला लिहायला सांगा. थरथर जोरात असताना क्लच दाबा. इंजिनचे फेरे उतरले तरी गाडीच्या वेगाबरोबर थरथर तशीच राहिली, तर इंजिन निर्दोष. लगेच गेली तर इंजिनाची माउंटिंग, क्लच यांच्याकडे बघायचं. चालत्या गाडीत चावी मात्र कधीही बंद करायची नाही. ब्रेकची मदत जाते, पॉवर स्टीअरिंग असेल तर तेही जड होतं, आणि चुकून चावी पूर्ण फिरली तर स्टीअरिंग लॉक होऊ शकतं.

हादरा कुठे जाणवतो तेही लिहा. स्टीअरिंग हातात डावं-उजवं हलत असेल तर पुढच्या चाकांवर संशय. स्टीअरिंग शांत पण सीट आणि मागचा हौदा हलत असेल तर मागची चाकं. पायाखाली, गिअरच्या दांड्याला बारीक झणझण येत असेल, कानाला घूं ऐकू येत असेल, तर प्रॉपेलर. चाक सेकंदाला दहा फेरे मारतं तेव्हा प्रॉपेलर त्याच्या चौपट, म्हणजे चाळीसच्या आसपास फिरतो. दहाचा हादरा मोजता येईल असा वाटतो, चाळीसचा मोजता येत नाही, तो गुणगुणतो. एवढं लक्षात ठेवलं तर अर्धं निदान बसल्या जागी होतं. हल्ली मुलं मोबाइलवर कंप मोजायचं अॅप घालून डॅशबोर्डवर ठेवतात. माझा मुलगाही ठेवतो, आणि दहा-चाळीसचा फरक त्यात खरंच दिसतो.

तुमच्या वर्णनावरून पहिल्या तक्रारीसाठी मी पुढच्या चाकांपासून सुरुवात करेन. सगळ्यांत सोपी परीक्षा म्हणजे पुढची दोन्ही चाकं मागं आणि मागची पुढं लावून तोच रस्ता पुन्हा चालवायची. आकार आणि जात एकच असेल तरच करा. थरथर स्टीअरिंगमधून निघून सीटखाली गेली तर दोष त्या दोन चाकांत आहे, मग स्टीअरिंगच्या एकाही भागाला हात लावायचं कारण उरत नाही. पानं आणि जॅक एवढ्यावर, तासाभरात होणारं काम आहे. तुमचे टाय रॉड एंड बदलण्याआधी हे कोणी करायला हवं होतं.

मग चाक जॅकवर उचलून फिरवून बघायचं. इथे एक कळकळीची विनंती, गाडी जॅकवर किंवा चिऱ्यावर टेकवून खाली जाऊ नका. चिरा दिसायला भक्कम असतो, पण भार एका कोपऱ्यावर आला की फुटतो. लोखंडी स्टँडच लावा, मागच्या चाकांना उटी (चाक सरकू नये म्हणून अडण) लावा. स्टँडवर गाडी बसली की चिरा वापरायचा तो वेगळ्या कामाला: टायरजवळ उभा करा, त्यावर स्क्रू ड्रायव्हर असा टेकवा की टोक टायरच्या नक्षीपासून केसभर लांब राहील, आणि चाक हळू फिरवा. टोक आणि रबर यांच्यातली फट एका जागी मोठी, एका जागी लहान होत असेल तर टायर गोल राहिलेला नाही. मग टोक रिमच्या कडेला न्या. रिम डावी-उजवी किंवा वर-खाली दोन मिलिमीटरच्या वर डोलत असेल तर खड्ड्यात वाकलीय. वाकलेल्या रिमला मशीनवर शून्य आणता येतं, वजनं लावून ती समतोल दिसते, पण चाक गोल होत नाही. ‘बॅलन्सिंग करूनही थरथर’ याचं हे नेहमीचं कारण.

टायरवरून तळवा फिरवा, दोन्ही दिशांना. एखाद्या जागी उंचवटा लागला, बाजूच्या भिंतीला फुगा दिसला, किंवा नक्षीची एक पट्टी नागमोडी गेलेली दिसली, तर आतली तार किंवा कापडाचा थर सुटलाय. असा टायर पुढं ठेवून चोर्ला उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याच दिवशी काढा, बॅलन्सिंगचा विचारही करू नका. टायरच्या बाजूला चार आकडी छाप असतो, २३१९ असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर दिसते म्हणून आठ-नऊ वर्षांचा टायर लोक पुढं चालवतात. गोव्यातलं ऊन आणि दमट हवा रबराला दया दाखवत नाहीत. रिमोल्ड टायर असतील तर मागं ठेवा, पुढं नकोत. यावर माझ्याशी वाद घालणारे आहेत, पण पुढचा टायर सुटला की गाडी हातात राहत नाही, मागचा सुटला तर थांबवायला संधी मिळते, एवढं मला पुरे आहे.

तुम्ही किनाऱ्यापासून आत आहात, तरी आपल्याकडे गंज सगळीकडेच आहे, आणि लोक त्याच्याकडे बघतच नाहीत. चाक काढल्यावर हबचा जो सपाट चेहरा दिसतो, ज्यावर रिम टेकते, त्याच्यावर गंजाचे पापुद्रे जमतात. पापुद्रा कागदाएवढा का असेना, रिम सपाट बसत नाही आणि टायरच्या काठापर्यंत त्याचा फरक मोठा होतो. मशीनवर चाक स्वच्छ शंकूवर बसतं, तिथे शून्य दाखवतं, आणि गाडीवर चढवलं की गंजावर तिरकं बसतं. हबचा चेहरा आणि रिमची आतली बाजू दोन्ही तारेच्या ब्रशनं लख्ख करा. ग्रीस थापू नका, अगदी पुसटसं चालेल, आणि नटांच्या आट्यांना लावू नका. नट समोरासमोरचे, आळीपाळीनं, चाक हवेत असताना हलके आणि जमिनीवर आल्यावर पूर्ण घट्ट करा. एका बाजूचा नट आधी पूर्ण आवळला की रिम तिथे चिकटते आणि समोर उघडी राहते. एअर गननं धडाधड आवळणाऱ्यांना हे सांगून मी थकलोय, पण सांगत राहणार.

आणखी एक बारकावा. काही जुन्या पिकअपच्या रिमचं मधलं भोक नेमक्या मापाचं नसतं, ती रिम नटांच्या शंकूवर मध्यावर येते. अशी रिम मशीनवर मधल्या भोकातून धरली तर मोजमापच चुकतं. बॅलन्सिंगवाल्याला सांगा की शून्य आल्यावर चाक सोडून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसव आणि परत मोज. दुसऱ्यांदा दहा-वीस ग्रॅम दाखवलं तर चाक मशीनवर नीट बसलेलं नाही. चांगला माणूस रागावत नाही, करून दाखवतो.

चाकं ठीक निघाली तर बेअरिंग आणि जॉइंट. चाक हवेत असताना वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, आत-बाहेर हलवा. टकटक लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो चाकाच्या बेअरिंगमधला. राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंग पिन (सरळ अॅक्सलच्या गाडीत चाक जिच्यावर वळतं ती खीळ). बेअरिंग टेपर जातीचं असेल तर बऱ्याचदा नुसतं साफ करून, नवं ग्रीस भरून, प्ले बसवून काम होतं. नट आवळताना हब फिरवत राहायचं, मग नट थोडा सोडून हातानं टेकवायचा, आणि कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालायची पिन) नवीनच घालायची. जुनी पिन सरळ करून पुन्हा घालणाऱ्याकडे गाडी देऊ नका. रोलरवर निळी झाक किंवा खड्डे दिसले तर बेअरिंग बाद. तुमच्या गाडीत मला इथेच काहीतरी सापडेल असं वाटतंय, कारण ढिलं बेअरिंग तुमच्या दोन्ही तक्रारी वाढवतं: चाक डोलतं आणि डिस्कही डोलते.

टॉर्शन बारच्या गाडीत बॉल जॉइंट तपासताना जॅक खालच्या आर्मखाली, चाकाच्या जितका जवळ जमेल तितका लावा. चेसिसखाली लावला तर आर्म लटकतो, जॉइंटवर ताण राहतो आणि मेलेला जॉइंटही घट्ट वाटतो. मीसुद्धा सुरुवातीच्या वर्षांत असाच एक जॉइंट ‘चांगला’ म्हणून पाठवला होता. आठवड्यात तो सुटला, सुदैवानं गाडी बाजारात उभी करताना. तेव्हापासून जॅक कुठे लावलाय हे मी दुसऱ्याच्या सांगण्यावर सोडत नाही.

स्टीअरिंगचे एकामागून एक येणारे जोड तपासायला गाडी जमिनीवरच ठेवा, चाकं सरळ. एकानं स्टीअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करत राहायचं, दुसऱ्यानं खाली बघून प्रत्येक जोडावर बोट ठेवायचं. एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो जोड ढिला. बॉक्सची परीक्षाही इथेच होते. बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतोय आणि खालचा पिटमन आर्म (बॉक्समधून निघून चाकांचे दांडे ढकलणारा हात) जागचा हलत नाही, असं बराच वेळ होत असेल तर प्ले बॉक्समध्ये आहे. सरळ चाकांवर स्टीअरिंगची कडा तीन सेंटीमीटरच्या वर मोकळी फिरत असेल तर बॉक्सकडे बघायला हवं. पण तेवढ्यानं ७५ ची थरथर जन्माला येत नाही. बॉक्सवरचा स्क्रू आवळून प्ले मारायचा मोह तर टाळाच. जास्त आवळला की वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही, आणि चोर्ल्याच्या वळणांवर तो जास्त मोठा धोका आहे.

मघाशी म्हटलेला अपवाद असा. पुढं सरळ अॅक्सल आणि पाटे असतील, किंग पिन, पाट्यांचे बुश, ड्रॅग लिंक (पिटमन आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) सगळंच थोडं थोडं ढिलं असेल, तर ५०-६० ला एखाद्या खड्ड्यावरून गेल्यावर पुढची चाकं एकदम फडफडायला लागतात आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थांबत नाहीत. तिथे ढिलाईच थरथर जिवंत ठेवते. तसं झालं तर जोरात ब्रेक मारू नका, स्टीअरिंग घट्ट धरून एक्सलेटर सोडा आणि हळू होऊ द्या. तुम्ही लिहिलंय ते असं नाही, तुमची थरथर ठरावीक वेगाला, खड्डा नसतानाही येते. पण कोणी फडफडीवर इलाज म्हणून फक्त नवा स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे हादरे दाबणारा शॉकअॅब्सॉर्बर) सुचवला, तर समजा की तो आजार झाकतोय.

आता ब्रेकची तक्रार. ४० च्या वेगाला ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग हलतं म्हणजे पुढची डिस्क. लोक म्हणतात डिस्क वाकली, पण बहुतेक वेळा तिची जाडी एकसारखी राहिलेली नसते. हबवर गंज असेल किंवा बेअरिंग ढिलं असेल तर डिस्क किंचित डोलते, प्रत्येक फेऱ्याला पॅडला एकाच जागी घासते, आणि काही हजार किलोमीटरमध्ये ती जागा झिजते. मग पॅड जाड जागी पकडतं, पातळ जागी सुटतं, आणि तो झटका टाय रॉडमधून हातात येतो. घाटात गरम डिस्कवर हे आणखी वाढतं. मायक्रोमीटरनं सहा-आठ जागी जाडी मोजली की लगेच कळतं, काही शतांश मिलिमीटरचा फरकही हाताला जाणवतो. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या वर भरपूर जागा असेल तर लेथवर घासून घ्या, नसेल तर जोडी बदला. पण आधी हबचा गंज आणि बेअरिंग, मग डिस्क. उलट केलं तर नवी डिस्कही वर्षभरात तशीच होईल. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकल्यात का तेही त्याच वेळी बघा, पावसाळ्यानंतर आपल्याकडे हे हमखास असतं.

डिस्क बरोबर निघाली तर मागचे ड्रम. रिकाम्या, सपाट रस्त्यावर ३० च्या वेगाला, बटण दाबून धरून, हँडब्रेक अगदी हळू ओढा. हँडब्रेक मागच्या ड्रमवर असलेल्या गाडीत तेव्हा सीट धपधपली तर ड्रम अंडाकृती झालाय. ओल्या रस्त्यावर हे करू नका.

प्रॉपेलरबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या लक्षणांत तो दिसत नाही. भरलेली गाडी पहिल्या गिअरला उचलताना पोटाखाली धडधड होते, किंवा मागचे पाटे वाढवल्यापासून ६० च्या पुढं घूं येतं, तर सेंटर बेअरिंगचं (शाफ्टला मधे धरणाऱ्या बेअरिंगचं) रबर आणि क्रॉस (शाफ्टचे वळणारे सांधे) बघा. पाटा वाढवला की मागचा अॅक्सल वेगळ्या कोनात बसतो आणि क्रॉसना तो कोन झेपत नाही. शाफ्ट काढायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर पंचनं खूण करा. सरकणारा तुकडा एक दात इकडेतिकडे बसला तरी आधी नसलेली थरथर चालू होते, आणि मग बिचारा गिऱ्हाईक चाकांचं बॅलन्सिंग करत फिरतो.

अलाइनमेंटबद्दल गैरसमज इतका घट्ट आहे की वेगळं सांगतो. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं खातो. तिच्यानं थेट थरथर येत नाही. खाल्लेल्या टायरनं येते, पण तोवर अलाइनमेंट करून उपयोग नसतो, टायर तसाच उरतो. आणि बेअरिंगमध्ये प्ले असताना केलेली अलाइनमेंट मशीनवरून उतरल्याबरोबर बदलते. म्हणून ती सगळ्यांत शेवटी. तुमच्या दोन्ही वेळा ती सगळ्यांत आधी झाली.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा: चाकं धुऊन मागं-पुढं बदलून चालवा, मग टायर आणि रिम फिरवून बघा, हबचा गंज काढा, बेअरिंगचा प्ले बसवा, चारही चाकांचं बॅलन्सिंग करा, डिस्क मोजा, जोड तपासा, आणि त्यानंतर अलाइनमेंट. प्रत्येक कामानंतर तोच रस्ता, तोच वेग, तेवढाच माल घेऊन चालवा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कुठल्या गोष्टीनं फरक पडला ते कधीच कळणार नाही. टायरची हवा सकाळी थंड असताना, दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. भरलेल्या पिकअपला मागं पुढच्यापेक्षा बरीच जास्त हवा लागते, आणि चारही चाकांत एकच आकडा भरणारे मी रोज बघतो. माल मागच्या टोकाला रचला तर पुढचा भार उचलला जातो आणि स्टीअरिंग हलकं होऊन थरथर वाढते. भाजीच्या गोण्या केबिनच्या भिंतीला लागून रचा, मागं हलका माल ठेवा.

बॉक्सबद्दल तुमच्या मेस्त्रीशी भांडू नका. त्याला एवढंच सांगा की गाडी जमिनीवर असताना पिटमन आर्मचा प्ले मला दाखव. त्यानं दाखवला आणि तो खरंच मोठा असेल, तर बाकीचं सगळं झाल्यावर बॉक्स उघडून बुश आणि सील बघायला हरकत नाही, तेव्हाही पूर्ण नवा घ्यायची गरज पडेलच असं नाही. चाकं मागं-पुढं केल्यावर थरथर कुठे गेली तेवढं कळवा, आणि पुढच्या दोन्ही टायरचे चार आकडे. चाकं पुन्हा लावल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट एकदा हातानं, पान्यानं तपासा. गंज काढलेल्या हबवर रिम थोडी बसते आणि नट सैल होतात. घाटात जायच्या आधी ते झालेलं असू द्या.